सुरी आणि आराम
गेल्या बकरी ईदला आम्ही सात घरांनी मिळून रेडा घेतला. आदल्या रात्री तो टेम्पोतून आला. उभं राहून दमलेला, तहानलेला, बुजलेला. सकाळी कुर्बानी झाली. मांस काळपट, चिकट निघालं. आम्ही कसाईभाईंना बोल लावला. चूक मात्र आमची होती.

जनावराच्या स्नायूंत ग्लायकोजेन ही साखर साठलेली असते. जबीहानंतर तिचं लॅक्टिक आम्ल बनतं आणि मांसाचा पीएच ७ वरून साधारण ५.५ वर उतरतो. म्हणून मांस लालसर दिसतं, टिकतं. थकलेल्या, घाबरलेल्या जनावरात ही साखर आधीच संपते. पीएच ६ च्या आसपास किंवा वरच राहतो, मांस काळवंडतं, लवकर खराब होतं.

म्हशीच्या जातीला घाम कमी येतो, ऊन सोसत नाही. तेव्हा यंदा जनावर काही दिवस आधी आणा. सावली, कोरडी जमीन, चारा, भरपूर पाणी आणि ऐसपैस बसायला जागा द्या. काठी उगारू नका. मार लागला की तिथं रक्त साकळतं.

सुरीला धार लावा आणि जनावराला आराम द्या, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण. आपण सुरी लक्षात ठेवली, आराम विसरलो.