इंडेक्सिंग प्लेट आपल्याच लेथवर

तुरीची आवक वाढली की उदगीरच्या दालमिलना उसंत नसते आणि लेथवाल्यांच्या दारात गर्दी होते. कुणाच्या एलिव्हेटरचे स्प्रॉकेट झिजलेले असते, कुणाची कपलिंग फुटलेली, कुणाच्या ट्रॅक्टरच्या पीटीओ जोडणीचे स्प्लाइन गेलेले. टर्निंग, बोअरिंग, आटे पाडणे यांत आपला हात धरणारे कमी. काम अडते ते गोल जॉबचे सारखे भाग पाडायची वेळ आली की. डिव्हायडिंग हेड नसेल तर जॉब लातूरला किंवा हैदराबादला पाठवावा लागतो, नाहीतर कंपास आणि पंच घेऊन भोके मारली जातात. पहिल्यात गिऱ्हाइकाचा दिवस जातो, दुसऱ्यात आपले नाव.

म्हणून आमचा आग्रह आहे की प्रत्येक लेथवर स्वतः केलेली इंडेक्सिंग प्लेट असावी. मोठ्या यंत्राशिवाय अचूक विभाजन होत नाही, हा समज सोडून द्या. वर्तुळ जिथे सुरू होते तिथेच परत येते, त्यामुळे झालेली चूक शेवटच्या भागात उघडी पडते. ही चूक पकडणारी पद्धत निवडली की साध्या लेथवरही चोख प्लेट होते.

कंपासने 24 भाग पाडताना दर पावलाला 0.05 मिमी चूक झाली, तर शेवटी 1.2 मिमीचा फरक पडतो. मग तो कुठेतरी दडपून बसवायचा. त्याऐवजी जुन्या रोलर बेअरिंगमधले 24 रोलर घ्या. ते एकाच बेअरिंगचे असावेत. प्रत्येक मायक्रोमीटरने मोजा आणि झिजलेला बाजूला टाका. आता एका गाभ्याभोवती ते एकमेकांना खेटून बसवायचे आहेत. गाभ्याचा व्यास काढायला 180 ला रोलरच्या संख्येने भागा, आलेल्या कोनाच्या साइनने रोलरच्या व्यासाला भागा आणि उत्तरातून एक रोलर वजा करा. 10 मिमीच्या 24 रोलरसाठी गाभा 66.61 मिमी येतो.

गाभा आधी 66.80 ला ठेवा. रोलर लावून बाहेरून तार आवळली की पहिल्या आणि शेवटच्या रोलरमध्ये सुमारे 0.6 मिमी फट दिसेल. व्यासातली चूक या फटीत जवळजवळ तिप्पट होऊन दिसते, आणि या पद्धतीची खरी ताकद तीच आहे. 0.05 चा फीलर जाईनासा झाला की गाभा 0.02 च्या आत आला म्हणून समजा. शेवटचे कट अगदी हलके घ्या, कारण व्यास एकदा कमी झाला की शेवटचा रोलर बसत नाही आणि गाभा नवा करावा लागतो. माप जमले की दोन्ही टोकांना तार ठेवून रोलर इपॉक्सीने पक्के करा आणि मधला भाग मोकळा राहू द्या. दोन रोलरमधल्या खाचेत स्प्रिंगवर चालणारा प्लंजर बसला की झाली प्लेट.

24 मधून 2, 3, 4, 6, 8 आणि 12 भाग मिळतात. पीटीओच्या सहा स्प्लाइनसाठी चार-चार खाचा मोजायच्या, आठ बोल्टच्या फ्लॅन्जसाठी तीन-तीन. 5, 10 किंवा 15 भाग हवेत तर 60 दातांचा चेंज गिअर थेट स्पिंडलवर चढवा. मध्ये दुसरा गिअर आला की बॅकलॅश आलाच. 13 दातांच्या स्प्रॉकेटला 20 मिमीचे 13 रोलर घ्या, गाभा 63.57 मिमी. जॉब प्लेटपेक्षा मोठा असेल तर प्लेटची चूकही त्याच प्रमाणात वाढते, म्हणून मोठ्या जॉबला मोठे रोलर वापरा. वेगाने फिरणारे गिअर मात्र हॉबिंगवरच करून घ्या.

प्लेट स्पिंडलच्या मागच्या टोकाला, आतून फुगणाऱ्या मँड्रेलवर बसवा. खाच बदलताना स्पिंडल नेहमी एकाच दिशेने फिरवा. आणि हे हाताखालच्या प्रत्येक पोराला बजावून सांगा: प्लंजर लावण्याआधी मेन स्विच बंद करायचा आणि बेल्ट उतरवायचा. प्लंजर अडकलेला असताना मोटर सुरू झाली तर प्लेट तुटेलच, समोरचा माणूसही जायबंदी होईल.

आपल्या मुलखाने अशी जिद्द पूर्वी पाहिली आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन याने 1815 मध्ये शेजारच्या बिदरजवळ पायारेषा मोजली. त्याच्या थिओडोलाइटची अंश पाडलेली चकती 36 इंची होती. 1808 मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना ते यंत्र आदळले आणि चकती वाकडी झाली. लॅम्बटनने हाय खाल्ली नाही. स्क्रू आणि कप्प्या लावून त्याने ती पुन्हा आकारात आणली आणि तेच यंत्र घेऊन मोजणी चालू ठेवली. 1823 मध्ये त्याचा मृत्यू झाला तो हिंगणघाटला, मोजणीच्या वाटेवरच. साधने तुटपुंजी असतानाही त्याने अचूकतेशी तडजोड केली नाही.

आयटीआयच्या शिक्षकांना आमची विनंती आहे की टर्नर ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला ही प्लेट जॉब म्हणून द्या. टर्निंग, मोजमाप, त्रिकोणमिती आणि संयम, चारही त्यात येतात. वर्कशॉपवाल्यांनी हंगामाआधीची निवांत दुपार यासाठी राखून ठेवावी. रोलर किती मिमीचे होते, गाभा कुठे थांबला, शेवटची फट किती राहिली, हे तीन आकडे आम्हाला कळवा. ते या मासिकात छापू, म्हणजे पुढच्या टर्नरला सुरुवात शून्यापासून करावी लागणार नाही.