कमल चालते, मीना चालत नाही

गेल्या वर्षी एका विमा कंपनीच्या संकेतस्थळावर मी खातं उघडलं. ईमेल पत्त्यात नावापुढे अधिकचं चिन्ह टाकून 'विमा' असा शब्द जोडला होता. कुणी पत्ता विकलाच तर कळावं, म्हणून ही माझी जुनी खोड. नोंदणी झाली, हप्त्यांच्या पावत्या येऊ लागल्या. पुढे पासवर्ड बदलायला गेलो, तर त्याच कंपनीचं दुसरं पान म्हणालं, 'कृपया वैध ईमेल लिहा.' हप्ते घेताना वैध होता की! कस्टमर केअरवरची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही दुसरा ईमेल काढा ना."

मी स्वतः प्रोग्रामर आहे, त्यामुळे हे कसं घडतं ते मला ठाऊक आहे. कुणीतरी जालावरून एक रेग्युलर एक्स्प्रेशन उचलतं आणि चिकटवतं. अक्षरं, आकडे, टिंब, हायफन. बाकी सगळे गुन्हेगार. २००८ सालच्या आरएफसी ५३२२ला मात्र ॲटच्या डावीकडे अधिक, अपॉस्ट्रॉफी, टक्का, अगदी उद्गारचिन्हही चालतं. आणि त्या डाव्या बाजूचा अर्थ लावायचा अधिकार फक्त टपाल स्वीकारणाऱ्या सर्व्हरचा. आयर्लंडमधल्या एखाद्या ओ'ब्रायनला आडनावातलं चिन्ह गाळायला सांगणारे आपण कोण?

यावर ठरलेलं उत्तर येतं: सुरक्षा. अपॉस्ट्रॉफीने तुमची एसक्यूएल क्वेरी फुटत असेल, तर फुटकी क्वेरी दुरुस्त करा, पॅरामीटर वेगळे पाठवा. दुसरं उत्तर, लोक टाइप करताना चुकतात. चुकतातच. पण 'कुलकर्णी'तला एक 'के' राहून गेला, तरी तो पत्ता तुमच्या चाळणीतून आरामात पार होतो आणि पावती तिसऱ्याच कुलकर्ण्याकडे जाते.

खरी मौज देवनागरीत आहे. इंग्रजीपलीकडच्या लिप्यांतल्या पत्त्यांसाठी आरएफसी ६५३१ आलं २०१२मध्ये, '.भारत' सुरू झालं २०१४मध्ये. आपली चाळणी ए ते झेडवर अडलेली. एखादा उदार मनाचा प्रोग्रामर 'कुठल्याही लिपीतलं अक्षर' अशी सवलत देतो आणि काम झालं असं समजतो. पण युनिकोडच्या लेखी काना, वेलांटी, हलन्त ही 'अक्षरं' नाहीत, ते 'मार्क' आहेत. म्हणजे कमल आत येते, मीना दाराबाहेर! हे लिहिणारे बऱ्याचदा आपलेच लोक असतात, पुण्यात बसलेले. स्वतःचं नाव तरी त्या खिडकीत टाकून बघितलं असतं.

माझ्या कोडमध्ये मी एवढंच बघतो: ॲट आहे का, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काही आहे का. मग त्या पत्त्यावर दुवा पाठवतो. माणसाने तो उघडला, तर पत्ता खरा.

विमा कंपनीला हे सविस्तर लिहून कळवलं. उत्तर आलं, 'आपली तक्रार नोंदवली आहे.' आलं त्याच अवैध पत्त्यावर.