चाळीस तास

आमची भाची न्यूयॉर्क राज्यात घर घेतेय. तिथं घर घेण्याआधी परवानाधारक तपासनीस बोलावतात. छप्पर, तळघर, वायरिंग पाहून तो अहवाल देतो. परवान्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे १४० तासांचं शिक्षण आणि परीक्षा. त्यातले ४० तास जाणत्या तपासनीसासोबत प्रत्यक्ष घरं पाहायची, तीही बिनपगारी!

मला विचाराल तर हे ४०च खरे, आणि तेही कमीच. बी.एड.च्या पाठांना मागच्या बाकावर निरीक्षक बसत, तेव्हा कुठे वर्गाकडे पाठ न फिरवता फळ्यावर लिहिणं जमलं. भिंतीतली ओल पुस्तकात वाचून थोडीच कळते?

कॅलिफोर्नियात तर या कामाला राज्याचा परवानाच नाही. तिथं जन्माची पुंजी घालणाऱ्यानं काय करावं?

भाचीला सांगितलंय, तपासनीसाच्या मागोमाग तळघरात उतर आणि प्रश्न विचार.