पहिल्या फेरीत पराभूत

आपल्या वार्षिकांकाच्या शेवटच्या पानांवर जिमखाना विभागाचा अहवाल छापून येतो. तो फारसे कोणी वाचत नाही. ज्यांचे नाव त्यात असते ते वाचतात, आणि तेही नाव नीट छापले आहे ना एवढेच पाहतात. मी मात्र यंदा ग्रंथालयात बसून मागचे सात अंक काढले आणि सातही अहवाल वाचले. कारण एवढेच, की मी मुलींच्या व्हॉलीबॉल संघात आहे. सातपैकी सहा अंकांत आमच्याविषयी एकच ओळ सापडली : 'व्हॉलीबॉल (मुली) – आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत सहभाग, पहिल्या फेरीत पराभूत.' सातव्या अंकात ती ओळही नव्हती. त्या वर्षी संघच झाला नव्हता.

यंदाच्या अंकातही तीच ओळ येणार आहे. ती खरी आहे. आम्ही २५-११, २५-१४ अशा सरळ दोन सेटमध्ये हरलो. सकाळी अकराला सामना सुरू झाला आणि बाराच्या आत आम्ही बॅगा भरत होतो. तेव्हा ओळीविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या ओळीवरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाविषयी. परवा नोटीस बोर्डापाशी कोणीतरी म्हणाले, "दरवर्षी हरायलाच जायचे, तर प्रवासखर्च तरी कशाला करायचा?" दुसरा म्हणाला, "सरांनी इतक्या वर्षांत एक तरी ढाल आणली का?" बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. पण असे बोलणे चारदा झाले की पाचव्यांदा तो निर्णय होतो. म्हणून हा लेख लिहायला घेतला.

प्रशिक्षकाची कारकीर्द म्हणजे नेमके काय, हे पाहण्यासाठी मी जरा शोध घेतला. अमेरिकेत पेन स्टेट नावाचे विद्यापीठ आहे. रस रोझ नावाचे गृहस्थ १९७९ मध्ये तेथील मुलींच्या व्हॉलीबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०२१ चा मोसम आटोपून निवृत्त झाले. एकाच मैदानावर, एकाच संघाजवळ ४३ मोसम! विजय १३३० आणि पराभव २२९. राष्ट्रीय विजेतेपदे सात : पहिले १९९९ मध्ये, मग २००७ ते २०१० अशी सलग चार, मग २०१३ आणि २०१४. याच काळात त्यांच्या मुलींनी सलग १०९ सामने जिंकले. २००८ च्या पूर्ण मोसमात ३८ सामने खेळून त्या एकही हरल्या नाहीत. नेट मात्र त्यांचेही २.२४ मीटर उंचीवर आणि आमचेही २.२४ मीटर उंचीवर. आमच्या खांबावर सरांनी ती खूण लाल ऑइलपेंटने केली आहे.

हे आकडे वाचून प्रथम मला लाजच वाटली. त्या नोटीस बोर्डापाशी बोलणाऱ्याच्या हाती हे पडू नये असे वाटले. मग सवयीप्रमाणे वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. १३३० आणि २२९ मिळून १५५९ सामने होतात. त्यांना ४३ ने भागले तर वर्षाला ३६ येतात. छत्तीस! जिंकोत की हरोत, त्या मुली एका वर्षात सरासरी ३६ सामने खेळतात. आम्ही किती खेळतो? एक.

आपल्याकडे स्पर्धा बाद पद्धतीने होते. हरला तो घरी गेला. जो संघ दुबळा, ज्याला खेळण्याची जास्त गरज, तो सर्वांत कमी खेळतो, आणि जो आधीच तयार तो चार-पाच सामने खेळून आणखी तयार होतो. माझ्या संपूर्ण महाविद्यालयीन आयुष्यात, म्हणजे दोन वर्षांत, मी बाहेरच्या संघाविरुद्ध दोन सामने खेळले आहेत. दोन्ही मिळून चार सेट. बारावीच्या मुलीला वर्षभर एकही चाचणी न देता थेट बोर्डाच्या परीक्षेला बसवले आणि नापास झाली म्हणून शिक्षकाला दोष दिला, तर आपण त्याला न्याय म्हणणार नाही. रोझ यांना मिळाले तेवढे सामने मिळवायला आमच्या सरांना १५५९ वर्षे थांबावे लागेल. तोपर्यंत त्यांची कारकीर्द चांगली की वाईट, हे कोणी कशावरून ठरवणार?

यावर कोणी म्हणेल, अमेरिकेचे राहू द्या, तो श्रीमंतांचा देश. हे मला अर्धेच मान्य आहे. तेथेही मुलींना मैदान आपोआप मिळाले नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून कोणाला डावलता येणार नाही, असा कायदा तेथे १९७२ मध्ये झाला. रोझ आले ते त्यानंतर सात वर्षांनी. विद्यापीठांच्या मोठ्या क्रीडासंघटनेने मुलींच्या व्हॉलीबॉलची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली ती १९८१ मध्ये. म्हणजे त्या १३३० विजयांच्या पायाशी एक कायदा आणि एक वेळापत्रक आहे. प्रशिक्षकाचे कर्तृत्व त्यावर उभे राहिले. कर्तृत्व मी नाकारत नाही. नुसत्या कायद्याने १०९ सामने जिंकता येत नाहीत.

आणि नुसत्या विजयांकडे पाहायचे तर दाइमात्सु यांच्याकडे पाहावे. हे जपानी प्रशिक्षक. त्यांच्या खेळाडू ओसाकाजवळच्या एका कापड गिरणीत काम करणाऱ्या मुली होत्या. दिवसा गिरणीचे काम आणि त्यानंतर रात्री उशिरापर्यंत सराव. १९६२ मध्ये त्यांनी मॉस्कोत जाऊन सोव्हिएत संघाला हरवून जागतिक विजेतेपद घेतले, आणि १९६४ मध्ये टोकियोत व्हॉलीबॉल प्रथमच ऑलिंपिकमध्ये आला तेव्हा सुवर्णपदकही घेतले. गिरणीतल्या मुली जग जिंकतात हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. कापूस वेचणाऱ्या घरातल्या मुलीला तो येणारच. परंतु त्यांच्या सरावाची वर्णनेही मी वाचली. पडलेल्या, थकलेल्या, दुखापत झालेल्या मुलीवर पुन्हा पुन्हा चेंडू मारत राहायचे, ती उठेपर्यंत. असे सर मला नकोत. सुवर्णपदक देणार असले तरी नकोत. हे माझे वैयक्तिक मत. आमच्या संघातल्या दोघींचे मत उलट आहे आणि त्यावरून आमचा वाद झालेला आहे.

आता आपल्या मराठवाड्यातले उदाहरण घेऊ. खेळ व्हॉलीबॉल नाही, खो-खो आहे, पण मुद्दा तोच. धाराशिवच्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या, सारिका काळे यांचे नाव आपण ऐकले असेल. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा त्यांनीच सांगितले, की खेळाच्या जवळजवळ दहा वर्षांत त्यांना दिवसातून एकदाच जेवण मिळत असे. वडिलांना काम होत नव्हते, आई शिवणकाम करायची. आर्थिक ओढाताणीला कंटाळून २०१६ मध्ये त्यांनी खेळ सोडायचे ठरवले होते. त्यांचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी त्यांची समजूत घातली आणि त्या मैदानावर परत आल्या. पुढे त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाल्या.

जाधव सरांचे ते बोलणे कोणत्या स्कोअरशीटवर लिहायचे? संघाच्या पदकांचा हिशेब आपल्याकडे आहे. एका घरी जाऊन एका मुलीला परत आणले, याचा रकाना कोठेच नाही. मला वाटते, आपल्या भागात प्रशिक्षकाचे निम्म्याहून अधिक काम याच बिनरकान्याच्या जागी होते.

निदान आमच्या सरांचे तरी होते. मी किनवटपासून बावीस किलोमीटरवरच्या खेड्यातून येते. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. प्रथम वर्षाला सराव संध्याकाळी साडेचारला असे आणि आमच्या गावची शेवटची एस.टी. सव्वापाचला. म्हणजे सराव करायचा तर गाडी सोडायची आणि गाडी धरायची तर सराव सोडायचा. मी पंधरा दिवसांत नाव काढून घेतले. त्या रविवारी सर मोटारसायकलवर आमच्या घरी आले. अर्धा तास ते आबांशी सोयाबीनच्या भावाविषयी बोलले, रानडुकरांनी केलेल्या नासाडीविषयी बोलले, चहा घेतला. मला वाटले, व्हॉलीबॉलचे विसरले बहुतेक. उठता उठता म्हणाले, "आबा, उद्यापासून सराव सकाळी सातला ठेवलाय. पहिल्या गाडीनं येईल पोरगी." आबा म्हणाले, "सर, पोरीची जात हाये. हाप पँटीवर खेळायचं म्हंजी लोकं नावं ठेवतेत." सर म्हणाले, "फुल पँटवर खेळू दे. चेंडूला काय कळतंय?" माय चुलीपाशी हसली, आणि तिथेच ठरले.

एका मुलीसाठी साऱ्या संघाची वेळ बदलली असे मला तेव्हा वाटले होते. नंतर कळले, की अशा आम्ही चौघी होतो आणि सर चारही गावांना जाऊन आले होते. तरीही आमच्यातली एक दिवाळीनंतर आली नाही, कारण कापसाची वेचणी होती. दुसरीचे लग्न ठरले. गेल्या वर्षी सुरुवातीला अकरा जणी होतो, यंदा स्पर्धेला सात जणी गेलो. मैदानात सहा आणि बाहेर एक. त्या एकीलाही ताप होता. समोरच्या संघाकडे बारा जणी होत्या आणि त्या लाकडी फरशीवर सराव करतात. आमचे मैदान मुरमाचे. खाली झेप घेतली की गुडघा सोलतो, म्हणून आम्ही झेप घेत नाही, आणि म्हणून हरतो. यात रडगाणे काही नाही. कारण सांगितले.

हेच सर कबड्डीचेही, खो-खोचेही, मैदानी स्पर्धांचेही, आणि सव्वीस जानेवारीच्या संचलनाचेही. परीक्षेच्या दिवसांत त्यांना पर्यवेक्षणही असते. 'मुख्य प्रशिक्षक' हा शब्द वाचून मला हसू आले. आमचे मुख्य तेच, दुय्यम तेच, आणि पंपाने चेंडूत हवा भरणारेही तेच.

सरांचे सगळेच मला पटते असे नाही. यंदाच्या दुसऱ्या सेटमध्ये ११-१९ असताना त्यांनी मला बाहेर काढून त्या ताप आलेल्या प्रथम वर्षाच्या मुलीला आत घेतले. मी सेटर आहे. चेंडू उचलून देणारीच बाहेर गेल्यावर राहिले काय? मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "तिला पुढच्या वर्षीसाठी एक सामना नको का?" मला ते तेव्हा पटले नव्हते, आजही पूर्ण पटलेले नाही. सामना वर्षाला एकच असेल तर तो जिंकण्यासाठी खेळायचा की शिकवण्यासाठी? रोझ यांना ३६ मिळत होते. काही जिंकायला, काही शिकवायला. आमच्या सरांना एकाच सामन्यात दोन्ही करावे लागते.

ओघात एक गोष्ट सांगते. उत्कृष्ट प्रशिक्षकांना आपल्या देशात १९८५ पासून द्रोणाचार्य पुरस्कार देतात. पुरस्कार मोठा आहे, मिळवणारेही मोठे आहेत. पण आमच्या तालुक्यात गोंड, आंध, कोलाम मुले शिकतात. एकलव्याची गोष्ट आमच्या वर्गात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. शिष्याचा अंगठा मागणाऱ्याचे नाव प्रशिक्षकाच्या पुरस्काराला का दिले, हे मला अजून कळलेले नाही. सेटरचे तर अंगठ्याशिवाय चालतच नाही.

मूळ मुद्द्यावर येते. मला सहानुभूतीची ओळ नको आहे. 'पराभूत' ऐवजी 'चांगली लढत दिली' असे कोणी छापले तर ते मला अधिक लागेल. दरवर्षी हरण्याची सवय होऊ नये, हे टीका करणाऱ्यांचे म्हणणे बरोबरच आहे. थंडीत सातच्या सरावाला आमच्यातल्याच तिघी-चौघी आठला येतात, हेही मला ठाऊक आहे. म्हणून मागणी आहे ती सामन्यांची. विद्यापीठाने स्पर्धा साखळी पद्धतीने घ्यावी असे मी म्हणू शकते, पण ते आपल्या हाती नाही. आपल्या हाती दुसरे आहे. हिमायतनगर आणि भोकर आपल्याच रेल्वेमार्गावर आहेत. माहूरला एस.टी. जाते. हदगाव फार लांब नाही. या पाच गावांच्या महाविद्यालयांच्या मुली पावसाळा सरल्यावर एकमेकींकडे जाऊन खेळल्या, तर प्रत्येक संघाला चार सामने मिळतात. परतीचेही धरले तर आठ. ढाल नको, उद्घाटन नको, पाहुणे नकोत. तिकिटाचे पैसे आणि शेंगदाण्याचे लाडू पुरेत. एकाच्या जागी आठ सामने, शिवाय स्पर्धेचा नववा. मग खुशाल सरांचा हिशेब मांडावा. मी स्वतः मांडून देईन.

आणखी एक. पेन स्टेटला रोझ यांच्या जागी ज्या बाई आल्या, केटी शूमाकर-कॉली, त्या १९९९ च्या पहिल्या विजेत्या संघात रोझ यांच्याच हाताखाली खेळलेल्या. २०२४ च्या डिसेंबरात त्यांच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. ते मिळवणारी ती पहिली महिला मुख्य प्रशिक्षक. त्या मोसमात त्या कर्करोगावर उपचार घेत होत्या. हा विजय रोझ यांच्या १३३० मध्ये धरलेला नाही.

आमच्या सरांकडे जुन्या खेळाडूंची एक वही आहे. मी ती एकदा पाहिली. मुलींची नावे, आणि पुढे पेन्सिलीने : पोलीस भरती, अंगणवाडी, आदिलाबादला दिली, डी.एड., माहीत नाही, शेती, माहीत नाही. एका नावापुढे लिहिले आहे : 'जि. प. शाळेत, मुलींना व्हॉलीबॉल शिकवते.' त्या शाळेतली एक मुलगी यंदा आपल्याकडे अकरावीला आली आहे. सर्व्हिस बरी करते.

पाच गावांच्या सामन्यांविषयी मी सरांशी बोलले आहे. ते नाही म्हणाले नाहीत. नेट मात्र नवे लागेल. आत्ताच्या नेटला डाव्या बाजूला एक भोक आहे, आणि त्यातून पलीकडे गेलेला चेंडू धरायचा की नाही यावर आमचे रोज सकाळी भांडण होते.