पाल मारली, ग्रुपवर अंगठे आले

तर झालं असं की मागच्या शनिवारी रात्री साडेदहाला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो पडला. फरशीवर एक ठिपक्याठिपक्यांची जाडजूड पाल, शेजारी खराटा, आणि खाली मजकूर : "अत्यंत विषारी पाल पार्किंगमध्ये सापडली. वॉचमनने मारली. सर्वांनी लहान मुलांना सांभाळावे." मी बघेपर्यंत खाली एकवीस अंगठे, सात नमस्कार आणि एक "वेल डन टीम" येऊन बसलं होतं. (टीम म्हणजे एक माणूस आणि एक खराटा.)

मी चप्पल घालून खाली गेलो. आमची सोसायटी सातपूरला, एमआयडीसीच्या अलीकडे. मागच्या कंपाउंडला लागून बांधकामाच्या वेळेपासून पडलेला दगडांचा मोठा ढीग आहे, त्यावर घाणेरी माजलीय. पाल तिथूनच आली असणार. वॉचमन मामांनी ती कागदावर घेऊन कोपऱ्यात ठेवली होती. म्हणाले, "दादा, लांबूनच बघा, लई इखारी असती ही. नुसती फुंकर मारली तरी माणूस जातो."

मी मोबाईलचा टॉर्च लावला आणि वाकून बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते.

मंडळी, हे वाक्य मी उगाच रडवायला लिहिलेलं नाही, त्यात माहिती आहे. आपल्या भिंतीवरच्या पालीला डोळे मिटता येत नाहीत. तिला हलणाऱ्या पापण्याच नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक काच असते आणि ती पुसायला ती जीभ वापरते. म्हणजे ही भिंतीवरची पाल नव्हतीच. बोटांखाली चिकटणाऱ्या पट्ट्या नाहीत, साधी नखं. शेपूट गाजरासारखं जाड, कारण त्यात चरबी साठवलेली असते. ही युब्लेफॅरिस. नावाचा ग्रीक अर्थच 'छान पापण्यांची'. इंग्रजीत हिला लेपर्ड गेको म्हणतात. दिवसभर दगडाखाली, रात्री जमिनीवर फिरून किडे, कोळी आणि कधी एखादी छोटी पाल खाणारा प्राणी. भिंत चढता येत नाही, जोरात पळता येत नाही, आणि विष? शून्य. एक थेंबही नाही.

मी ग्रुपवर हे सगळं नीट लिहिलं. उत्तर आलं, "सर, रिस्क कशाला घ्यायची?"

आजचा लेख या एका वाक्याच्या विरोधात आहे.

मुद्दा १ : विषारी

भारतातली कुठलीही पाल विषारी नाही. भिंतीवरची नाही, झाडावरची नाही, ठिपक्यांची तर नाहीच. तिला विषदंत नाहीत, विषग्रंथी नाहीत. सापसुरळीसुद्धा विषारी नाही, तीही बिचारी याच यादीत मरते.

"मग पाल पडलेलं जेवण खाऊन लोक आजारी पडतात ते?" रास्त प्रश्न. पालीच्या आतड्यात आणि विष्ठेत साल्मोनेला जातीचे जिवाणू असू शकतात. ते कोंबडीच्या अंड्यावरही असू शकतात. तेव्हा अन्नात पाल पडली तर ते अन्न टाकून द्या, ओटा पुसा, भांडी झाका. हा स्वच्छतेचा प्रश्न आहे. पण अंड्यामुळे कुणी आजारी पडलं म्हणून आपण खराटा घेऊन दिसेल त्या कोंबडीमागे लागत नाही ना? तिथे आपल्याला कारण आणि संशयित यातला फरक बरोबर कळतो.

मुद्दा २ : अपशकुन

पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक असतं, बघितलं असेल. डोक्यावर पडली तर अमुक, उजव्या खांद्यावर तमुक. मी इंजिनियर माणूस, मला कोष्टकांबद्दल आदर आहे; पण या कोष्टकाची टेस्टिंग कुणी केली आणि रिपोर्ट कुठाय? आपल्याच देशात कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात छतावर सोन्या-चांदीच्या पाली आहेत आणि दोष जावा म्हणून लोक रांग लावून त्यांना हात लावतात. म्हणजे इकडे पालीने हात लावला तर दोष, तिकडे आपण पालीला हात लावला तर दोषनिवारण. स्पेसिफिकेशनच एकमेकांशी जुळत नाही.

आणि ती चुकचुकते ते तुमच्या मनातल्या शंकेला दुजोरा द्यायला नाही हो. ती दुसऱ्या पालीला सांगते की ही ट्यूबलाईट माझी आहे, किंवा जोडीदाराला बोलावते.

मुद्दा ३ : सगळ्या पाली सारख्याच

माझा खरा राग इथे आहे.

आपण पाल म्हटलं की एकच प्राणी डोळ्यापुढे आणतो. जगात पालींच्या गटात दोन हजारांहून जास्त जाती आहेत. एकट्या हेमिडॅक्टायलस या प्रजातीच्या, म्हणजे घरपालीच्या भाऊबंदांच्या, भारतात चाळीसहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या कितीतरी गेल्या वीस वर्षांत कळल्यात. मालकम स्मिथ यांनी १९३५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सरड्या-पालींचा जाडजूड खंड लिहिला, आणि नंतर बरीच वर्षं बहुतेकांना वाटलं की झालं, यादी पूर्ण. कोड फ्रीझ!

ती यादी किती कच्ची होती याचं एक उदाहरण. देशभर जमिनीवर, दगडांत, पडक्या घरांत दिसणाऱ्या एका ठिपकेदार पालीला सगळे 'ब्रुकी' म्हणायचे. मूळ 'ब्रुकी' १८४५ मध्ये वर्णन झाली ती बोर्निओची. आपल्याकडची साधारण तशी दिसते म्हणून तीही ब्रुकी. आपण नाही का, कळलं नाही की फाईल 'इतर' नावाच्या फोल्डरमध्ये टाकून देतो, तसं. २०१६ मध्ये अपर्णा लाजमी, वरद गिरी आणि प्रवीण करंथ यांनी डीएनए आणि शरीररचना दोन्ही ताडून बघितलं, तर त्या फोल्डरमधून अनेक वेगवेगळ्या जाती निघाल्या. २०१९ मध्ये याच गोतावळ्यातली पश्चिम घाटातली एक जात नव्याने नोंदली गेली आणि तिला वरद गिरी यांचंच नाव मिळालं.

गिरी यांनीच २००८ मध्ये जुन्नरजवळच्या घाटघरहून खडकावर राहणारी एक पाल वर्णन केली. त्याच वर्षी गिरी आणि अ‍ॅरन बाउअर यांनी साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरची जमिनीवर राहणारी छोटी पाल जगापुढे आणली, तिचं नाव 'सातारेन्सिस'. विचार करा, २००८! त्या वर्षी आपण ऑर्कुटवर स्क्रॅप टाकत होतो, आणि सातारा जिल्ह्यातल्या एका पठारावरच्या पालीला तोपर्यंत शास्त्रीय नावही नव्हतं. ते पठार आता पवनचक्क्यांचं पठार म्हणून ओळखलं जातं.

आणि आमच्या पार्किंगमधल्या पाहुणीची भावकी? पश्चिम भारतात फस्कस नावाची जात, पूर्वेकडे हार्डविकी. मध्ये सातपुड्यात कोण? तर २०१४ मध्ये झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की तिथली वेगळीच आहे, आणि नाव ठेवलं सातपुराएन्सिस. (आमचं सातपूर नव्हे, सातपुडा. पण वाचताना छाती थोडी फुगली हे कबूल करतो :-) )

आता सांगा, "सगळ्या सारख्याच" म्हणून खराट्याने जे मारलं जातं ते काय आहे हे मारणाऱ्याला माहीत असतं का? घरपाल ट्यूबलाईटच्या जिवावर शहरात मजेत जगते, एखादी मेली तरी तिच्या जातीला फरक पडत नाही. पण पठारावरच्या, कातळावरच्या, दगडांखालच्या जाती आपापल्या छोट्या तुकड्याला बांधलेल्या असतात. तुकडा गेला की त्याही जातात, आणि त्याचा बॅकअप कुठेही नाही.

मुद्दा ४ : उपयोग काय?

निसर्गप्रेमी लोक इथे हमखास म्हणतात की पाली डास खातात. खातात, पण त्यांच्या पोटात जास्त जातात ते पतंग, माश्या, झुरळांची पिल्लं, कोळी. पाली पाळून डेंग्यू जाईल असं मी सांगणार नाही, कारण ते खरं नाही. आणि उपयोगावर वाद जिंकला तर उद्या कुणी स्वस्त डासमारक यंत्र आणलं की पाल पुन्हा खराट्याखाली.

उपयोग आपल्याला न मागता झालाय, हे मात्र सांगायला हवं. पाल छताला चिकटते कशी, हे कोडं २००० साली केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी टोके पालीचा एकेक केस मोजून बरंचसं सोडवलं. त्या पालीच्या एका पावलाखाली पाच लाखांच्या आसपास सूक्ष्म केस, प्रत्येकाच्या टोकाला शेकडो फाटे. गोंद नाही, सक्शन नाही, नुसती रेणूंमधली ओढ. त्यावरून माणसांनी कोरडा चिकटपट्टा बनवला. २००४ मध्ये स्वीडनमध्ये एका वाळवंटी पालीवर प्रयोग झाले. ज्या अंधूक चंद्रप्रकाशात आपल्याला सगळं करडं दिसतं, त्यात ती रंग ओळखते. हे सगळं आधी कुणाला माहीत नव्हतं, आणि कुणीतरी निवांत बघत बसलं म्हणून कळलं.

बघण्यावरून आठवलं. अमेरिका खंडात 'नाईट लिझर्ड' नावाचं एक कुळच आहे. मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या दमट जंगलांत त्यातली लेपिडोफायमा प्रजाती राहते, सडक्या ओंडक्यांखाली, कातळाच्या फटीत, गुहांत. पापण्या नाहीत. अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं. एका जातीच्या काही वस्त्यांत तर नरच नाहीत, माद्याच माद्यांना जन्म देतात. आणि गंमत नावातच आहे. 'रात्रीचे' म्हणून बारसं झालं, पण पुढे अभ्यासकांनी नीट बघितलं तर यातले बरेच दिवसाही हिंडतात, फक्त ओंडक्याखालून बाहेर येत नाहीत. माणसाला दिसत नाहीत म्हणून त्यांना रात्रीचे ठरवून टाकलं.

आपण त्याच्याही पुढे गेलो. आपल्याला माहीत नाही म्हणून विषारी ठरवून टाकलं.

माझे बाबा एमआयडीसीत तीस वर्षं शिफ्टमध्ये काम करत होते. थर्ड शिफ्टहून पहाटे आले की ओट्यावरच्या बल्बखाली चहा पीत बसायचे आणि बल्बजवळ एक पाल असायची. तिला ते "काय, सुटली का शिफ्ट?" असं विचारायचे. कुठल्याही जैवविविधतेचं नाव न ऐकलेला माणूस. आम्ही चौघं इंजिनियर त्या ग्रुपवर आहोत, दोन डॉक्टर आहेत, एक निवृत्त प्राध्यापक आहेत. अंगठे आमचे आहेत. वॉचमन मामांना मी दोष देत नाही, त्यांना जे शिकवलं गेलं ते त्यांनी केलं. शिकलेल्यांनी फोटो झूम करून बघायलाही दोन मिनिटं काढली नाहीत, राग त्याचा आहे. "रिस्क कशाला" म्हणणारेच काका हेल्मेट न घालता त्र्यंबक रोडने अंबडला जातात. असो.

मग करायचं काय?

पालीवर प्रेम करा असं म्हणत नाहीये. माझ्या आईला पाल दिसली की ती खुर्चीवर चढते, आणि तो तिचा हक्क आहे. मागणं एवढंच :

घरात नको असेल तर झाडूने दाराकडे वळवा, ती स्वतःच जाते. ठिपक्यांची, जमिनीवरची, अनोळखी दिसली तर लांबून फोटो काढा आणि तिला वाट द्या. फोटो ग्रुपवर टाकलात तर ठिकाण टाकू नका, कारण लेपर्ड गेकोचा जगभर पाळीव प्राणी म्हणून बाजार आहे आणि पत्ता मिळाला की पकडणारे येतात. आणि 'विषारी' हा शब्द टाईप करण्याआधी एकदा तपासा. ज्या फोनवर टाईप करताय त्याच फोनवर तपासता येतं.

दुसरी गोष्ट आमच्या सोसायटीपुरती. मागचा तो दगडांचा ढीग काढून तिथे चार गाड्यांचं पार्किंग करायचं घाटतंय, जेसीबीवाल्याशी बोलणंही झालंय. पार्किंग हवंय हे मलाही कळतं, माझीच गाडी रस्त्यावर उभी असते. माझा ठराव एवढाच, की दगड डंपरमध्ये न भरता दिवसा हातांनी उचलून मागच्या भिंतीलगत रचून ठेवावेत. दोन मजूर, एक दिवस. खर्च मी देतो म्हणालो. सेक्रेटरी म्हणाले, "पालींसाठी?" मी म्हटलं, हो, पालींसाठी.

एक जाता जाता. उन्हात गळ्याचा निळा-काळा-केशरी पंखा उघडणारे सरडे आपल्या पठारांवर असतात. २०१६ मध्ये त्यांच्यातल्या काहींसाठी शास्त्रज्ञांनी नवी प्रजाती केली आणि तिला नाव दिलं 'सरडा'. लॅटिन नाही, ग्रीक नाही, आपला मराठी सरडा. जगातल्या सगळ्या पुस्तकांत आता तोच शब्द छापला जाणार. शब्द आपला घेतला त्यांनी. बघायचं काम तेवढं आपण त्यांच्यावर सोडून दिलंय.

उद्या सकाळी दहाला मीटिंग आहे. ठराव टाईप करून प्रिंट काढून ठेवलाय. अनुमोदक आत्तापर्यंत एकच मिळालाय, वॉचमन मामा, आणि त्यांना सोसायटीत मत नाही.