पिल्लू घेताना आधी आई बघा

हल्ली पोरं बारक्या क्रॉस कुत्र्यासाठी हट्ट धरतात. घ्या की. पण कालवड घेताना आपण तिच्या आईची कास बघतो, दूध विचारतो. मग पिल्लाची आई का बघू नये? ती दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या दारातून माघारी फिरा.

'एवढंच राहणार' या बोलण्यावर पैसे देऊ नका. संकरित वाणाचं बी पुन्हा पेरलं की एकसारखं येत नाही, तसंच क्रॉस जोडीच्या पिल्लांचं. एकाच वेतातलं एक बारकं राहतं, दुसरं थोराड होतं.

२०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ब्रीडरची नोंदणी लागते आणि ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरी महिन्याचं गोंडस दिसतं म्हणून खपतं. आईचं दूध तुटलेलं, लस नाही. पार्व्हो झाला की रक्ताची हगवण लागते अन् दोन-चार दिवसांत पिल्लू जातं. पोरगं रडत बसतं, विकणारा फोन उचलत नाही.

दोष नुसता त्याचा नाही. आपण लहानात लहान पिल्लू मागतो, म्हणून तो ते आईपासून लवकर तोडतो. नोंदणीचा कागद, लसीचं कार्ड अन् आई, तिन्ही बघा. मगच पैसे मोजा.