पांढरा बलक म्हणणाऱ्यांच्या बाजूने

यवतमाळमधल्या अंडा-ऑम्लेटच्या गाडीवर ‘बलक’ हा शब्द क्वचितच कानावर पडतो. ‘भाऊ, पिवळं कच्चंच ठेवजो,’ एवढं म्हटलं की हाफ फ्राय समोर येतो. बाजूचा गिऱ्हाईक त्यालाच ‘जर्दी’ म्हणतो. घरी केक करताना कुणीतरी सांगतं, ‘पांढरा बलक वेगळा काढ.’ तिघांचंही काम भागतं. पोटात दुखतं ते मराठी शुद्ध करायला निघालेल्यांच्या.

त्यांचं म्हणणं असं : बलक म्हणजेच पिवळा भाग. म्हणून ‘पिवळा बलक’ ही द्विरुक्ती आणि ‘पांढरा बलक’ हे अज्ञान.

जरा शेजारचे शब्द बघू. ‘जर्दी’ आली फारसी ‘जर्द’वरून, म्हणजे पिवळा. पानठेल्यावरचा जर्दा त्याच कुळातला. इंग्रजीतलं ‘योक’ही पिवळ्या रंगाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरूनच आलं. विज्ञानाच्या पुस्तकातलं ‘पीतक’ संस्कृत ‘पीत’वरून. या तिन्ही शब्दांच्या पोटात रंग आहे. ‘बलक’मध्ये तो ऐकू येत नाही. म्हणूनच मराठी माणूस ‘पिवळा’ हे विशेषण जोडतो आणि त्याच न्यायाने ‘पांढरा’ही. अंड्याच्या कवचाआतलं जे काही आहे त्याला एक शब्द, आणि फरक सांगायला रंग. यात चूक कुठे आहे?

आणि रंगावर तरी किती भरवसा ठेवायचा? बलकाचा पिवळेपणा कोंबडीच्या खाण्यावर ठरतो. हिरवा पाला, पिवळा मका यांतली कॅरोटिनॉइड द्रव्यं त्यात उतरतात. नुसत्या पांढऱ्या ज्वारीवर वाढलेल्या कोंबडीचा बलक फिकट निघतो. उकिरडा उकरत, गवत टोचत फिरणाऱ्या गावरान कोंबडीचा केशरीकडे झुकू शकतो.

सुधारकांचा दुसरा छंद म्हणजे व्युत्पत्ती. ‘बल देतो तो बलक’ असं कुणी ठोकून देतं. मग पांढऱ्याचं काय करायचं? मोठ्या अंड्यात साधारण साडेतीन ग्रॅम प्रथिनं पांढऱ्यात असतात आणि पावणेतीन ग्रॅम पिवळ्यात. कुणी ‘बालक’वरून बलक काढतं, कारण म्हणे पिल्लू त्यातूनच होतं. पिल्लू बलकाचं होतच नाही. ते होतं बलकाच्या पृष्ठभागावरच्या बारीकशा चकतीतून. बलक ही त्याची शिदोरी. दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणजे नातं सिद्ध होत नाही. त्यासाठी जुने लेखी वापर लागतात, शेजारच्या भाषांतले भाऊबंद लागतात, उच्चार बदलण्याचे नियम लागतात. ते नसेल तर ती व्युत्पत्ती नव्हे, फॉरवर्ड.

हा वाद नुसता शब्दांचा असता तर सोडून दिला असता. पण यवतमाळ जिल्ह्यात घरात मराठी न बोलणारी मुलं भरपूर आहेत. केळापूर, मारेगावकडे कोलामी आणि गोंडी, तांड्यांवर गोरमाटी. यातल्या कोलामी आणि गोंडी तर द्रविड कुळातल्या. आदिवासी भागातल्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेचं अंडं मुलाच्या हातात पडतं. त्या अंड्यातल्या पिवळ्याला त्याच्या घरी स्वतःचा शब्द असतो. अंगणवाडीत ते ‘पिवळं’ ऐकतं, पुढे शाळेत ‘बलक’, त्याहून पुढे ‘पीतक’. एकाच घासासाठी चार शब्द शिकलेलं हे मूल हुशार म्हणायला हवं. त्याने ‘पांढरा बलक’ लिहिलं आणि आपण त्यावर लाल रेघ मारली, तर ते एवढंच शिकतं की आपण तोंड उघडलं की चुकतो. मग ते तोंड उघडणंच सोडतं.

‘पीतक’ला माझा विरोध नाही. जीवशास्त्राला नेमका शब्द लागतो. तो जरूर शिकवा, पण आधीच्या तीन शब्दांच्या शेजारी बसवून, त्यांच्या डोक्यावर नव्हे.

आणि पुढच्या वेळी कुणी ‘पांढरा बलक’ म्हटलं, तर दुरुस्ती करू नका. पांढरा बलक वेगळा काढून द्या.